कोरी सोडलेली वस्ती

माझ्या माहेरच्या वस्तीला एका काळ्या चौकोनाने फसवलं. त्या चौकोनाला मीटिंगची लिंक मी दिली होती. हे आधीच सांगून टाकते. मी भांडी विकणारी बाई आहे, माल मांडल्याशिवाय भाव बोलत नाही.

लग्नानंतर दोन वर्षांत मी धंद्यात उतरले. आधी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली डोक्यावर घेऊन गावोगाव, मग स्टीलची भांडी घेऊन आठवडी बाजार. दारव्ह्याचा बाजार माझा पक्का. आता यवतमाळला माझं दुकान आहे, पण पाय अजून बाजाराचेच आहेत. आमच्या धंद्यात मोड घेतात. बाई जुनं पितळी भांडं आणते, आपण ते तोलून घेतो, तिला नवं देतो, आणि वरून घासाघीस होते. मी घासाघिशीत कधी हरले नाही. माझा आवाज चढला की शेजारचा मिरचीवालाही आपला तराजू थांबवतो.

नकाशाच्या नादाला मी लागले ते बाजार बंद होते त्या वर्षी. माझं एक गिऱ्हाईक यवतमाळच्या कॉलेजात भूगोल शिकवतं. तिला मी प्राध्यापिकाबाईच म्हणते. मी कुठल्या गावाला कुठल्या वाटेने जात असे ते ती दुकानात बसून ऐकायची. एक दिवस फोनवर म्हणाली, "ताई, तुम्हाला जेवढ्या पांदणी पाठ आहेत तेवढ्या कुठल्याच नकाशात नाहीत. तुम्ही त्या घाला ना." पांदण म्हणजे शेतातून जाणारी बैलगाडीची वाट. इंटरनेटवर एक नकाशा आहे, तो कुठल्या कंपनीचा नाही, लोकच फुकट भरतात. वरून काढलेला फोटो दिसतो, त्यावर आपण रेघ ओढायची, नाव लिहायचं, झालं.

फुकट म्हटल्यावर मी आधी नाही म्हणाले. मग पहिली पांदण ओढली. शेवटाला टेकडीवरचं एकटं पळसाचं झाड त्या फोटोत ठिपक्याएवढं दिसत होतं. त्याच्याखाली मी कित्येकदा भाकर खाल्ली होती. ती रेघ जगातल्या कोणालाही दिसणार होती, आणि तिच्याखाली मी घातली असं लिहिलेलं होतं. दुकानाच्या पाटीशिवाय माझं नाव तोवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी रविवारी सकाळी ऑनलाइन मीटिंग सुरू केली तेव्हा आम्ही चौघं होतो: बाई, मी, मुकुटबनकडचे एक रिटायर पोस्टमन, आणि बाईंचा एक विद्यार्थी. तो अर्ध्या वेळेला झोपलेला असायचा. बाईंना वाटायचं, चांगलं काम आहे, लोक आपोआप येतील. मी म्हटलं, बाई, बाजारात ओरडल्याशिवाय कोणी थांबत नाही. मी लिंक घेऊन निघाले. बचत गटांच्या ग्रुपवर टाकली, जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, भिशीच्या, लग्न जुळवायच्या, माझ्या माहेरच्या गावाच्या ग्रुपवरही टाकली. आणि मीटिंगमध्ये मोड सुरू केली. कोणी नुसतं ऐकायला आलं की मी विचारायची, "तू काय आणलं? तुह्या गावची एक विहीर दे, मी तुले दोन पांदणी देतो."

पोस्टमनकाका हसायचे. "बाई, तुमची तर मीटिंगमधी बी दुकानदारी चालू हाये."

"मंग काका, तुम्ही तीस वर्षं पत्रं वाटली, एक पत्ता फुकट सांगतला का कोनाले?"

"पत्ता सांगाचे पैसे कोन देते वो! पानी पाजत होते लोक."

"मंग पानी पाजनाऱ्या घरायची नावं घाला."

काकांनी त्या दिवशी खरंच सोळा हातपंप घातले. लोक वाढत गेले. पडद्यावर चौकोन मावेनासे झाले, दुसऱ्या पानावर जाऊ लागले. घाटंजीकडच्या दोन शिक्षिका आल्या, एक जीपवाला गाडी उभी करून बसायचा. प्राध्यापिकाबाई दुसऱ्या जिल्ह्यांतल्या लोकांना सांगायच्या की आमचा गट कसा वाढला. माझं नाव घ्यायच्या नाहीत, 'स्थानिक सहभाग' म्हणायच्या. तेही मी गिळलं.

याच काळात तो काळा चौकोन यायला लागला.

ज्याचा कॅमेरा बंद असतो त्याच्या जागी काळा चौकोन दिसतो, त्यावर नाव असतं. याच्यावर माणसाचं नाव नव्हतं. फोनच्या मॉडेलचं नाव होतं, अक्षरं आणि आकडे. पहिल्यांदा येणाऱ्यांचं असं होतं, नाव बदलता येत नाही. मी दोनतीनदा म्हटलं, "अहो मॉडेल, नाव लिहा बापा, आम्ही काही सोयरीक मागून नाही राह्यलो." लोक हसले. चौकोन हसला की नाही कळलं नाही, आवाज बंद होता. मग एका रविवारी दारव्ह्याकडच्या एका नाल्याचं नाव कोणालाच येईना, तेव्हा तो बोलला. नेट खराब होतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आला, पण नाव बरोबर सांगितलं. नाल्यावरच्या दगडी उताराला काय म्हणतात तेही सांगितलं. ते आमच्याच गावच्या लोकांना माहीत असतं. मी ओळखलं की हा माझ्या माहेरच्या ग्रुपवरून आला आहे. कोण, ते ओळखलं नाही. आणि मला त्या वेळी बरं वाटलं. आपल्या गावचा माणूस आला.

आता खरी गोष्ट सांगते.

मी दारव्हा तालुका भरला. दिग्रसची वाट भरली. आमच्या गावातलं मारुतीचं देऊळ, शाळा, सोसायटी, कापसाच्या जिनिंगकडे जाणारा रस्ता, सगळं घातलं. गावाच्या पूर्वेला नाल्यापलीकडे जी वस्ती आहे, तीसपस्तीस घरांची, तिची घरं मी एकेक चौकोन करून ओढली. माझ्या भावाचं घर ओढलं. विहाराची इमारत ओढली. आणि वस्तीच्या नावाची जागा कोरी सोडली.

वस्तीचं नाव पंचशीलनगर. माझ्या आजोबांनी धम्म घेतला, आणि मी लहान असताना माझ्या वडिलांनी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सपाट केला, त्यावर निळ्या रंगाने हे नाव लिहिलं आणि नाल्याच्या काठावर बाभळीला बांधलं. आता तिथे सिमेंटची कमान आहे. वडिलांच्या त्या पाटीआधी वस्तीला दुसरं नाव होतं. आमच्या जातीचं नाव आणि पुढे वाडा. ते मी इथे लिहिणार नाही. वडिलांनी ते घरात येऊ दिलं नाही. पाहुणा बोलला तर त्याच्यापुढचं ताट ते उचलायचे नाहीत, पण स्वतः जेवायचे नाहीत.

मग मी पंचशीलनगर का लिहिलं नाही? कारण लिहिलं असतं तर मीटिंगमधल्या सगळ्यांना कळलं असतं, मी कुठली. मी कुठल्या वस्तीतली, हे बाजारातसुद्धा मी कोणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, माहेर कोनतं?" मी म्हणायची, दारव्ह्याकडचं. गावाचं नाव विचारलं तर गावाचं सांगायची. नाल्यापलीकडचं सांगायची नाही. माझ्या हातचं भांडं घेऊन लोक त्यात दूध तापवतात. मी धंदा बघितला. मला वाटलं, कोरी जागा कोणाला खुपते? नंतर कधीतरी भरू.

एका रविवारी एका लग्नाच्या रुखवताची भांडी पोचवायची होती म्हणून मी मीटिंगला गेले नाही.

दीड महिन्याने माझी भाची आली. माझ्या भावाची मुलगी, यवतमाळला नर्सिंग शिकते, हॉस्टेलवर राहते. दुकानात येऊन बसली, चहा पुढे ठेवला तर घेईना. तिच्या तीन मैत्रिणी गावी तिच्या घरी पौर्णिमेच्या जेवणाला येणार होत्या. तिने फोनवरून घराची जागा पाठवली. मुली ऑटोत बसल्या, एकीने नकाशा उघडला, आणि मोठ्याने वाचलं. ते जुनं नाव.

"मग?" मी विचारलं.

"मग काई नाई. जेवल्या, फोटो काढले, गेल्या. एक तर म्हने, किती छान घर हाये तुमचं." ती कपाची कड बोटाने फिरवत राहिली. "आत्या, तो नकाशा तुम्ही लोकच भरता ना?"

"मी नाई लिहिलं ते."

"तुम्ही काय लिहिलं मंग तिथं?"

मी काही लिहिलं नव्हतं. मी गल्ल्यातली सुटी नाणी मोजायला घेतली. ती उठली आणि म्हणाली, "मी आता कोनालेच जागा पाठवत नाई. स्टँडवर घ्याले जातो." पण त्यानंतर ती मैत्रिणींना घेऊन गावी गेलीच नाही.

ती गेल्यावर मी नकाशा उघडला. दोन बोटांनी मोठा करत गेले. जिल्हा, तालुका, गाव, नाला. अमुक एका उंचीवर ते नाव खालून वर आलं. बोटं मिटली की बुडालं, उघडली की पुन्हा वर. आमच्या वस्तीत पूर्वी आमची वेगळी विहीर होती, मी लहान असताना तिच्यात एकदा वासरू पडलं होतं. ते पाण्यात असंच वरखाली होत होतं. ती विहीर कधीच बुजवली.

मी नाव खोडलं, पंचशीलनगर लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जुनं परत आलेलं. कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या माणसाने माझा बदल मागे घेतला होता. खाली कारण लिहिलं होतं: स्थानिक सभासदाने मीटिंगमध्ये खात्री दिली आहे.

मी बाईंना फोन लावला. "कोन स्थानिक सभासद? तुमच्या मीटिंगमधी माह्याहून स्थानिक कोन हाये?"

"ताई, तुम्ही त्या दिवशी नव्हता," त्या म्हणाल्या. "वस्ती कोरी दिसली म्हणून मी विचारलं, इथे लोक काय म्हणतात? आपला नियम तोच आहे ना, लोक जे म्हणतात ते लिहायचं. एकाने सांगितलं."

"अन् तुम्ही लिहिलं."

"मला खरंच माहीत नव्हतं ते नाव नको आहे म्हणून. पण ताई, रागावू नका, जुन्या नावासाठी वेगळा रकाना असतो. तिथे ठेवू या का? इतिहास आहे तो."

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही माह्याजवळ पान्याचा जुना पितळी गुंड मोडीत दिला होता, आठवते? तळाले भोक पडलेला. तो मी दुसऱ्या दिवशी घासूनपुसून ओट्यावर मांडला असता, अन् खाली तुमचं नाव लिहिलं असतं, तर चाललं असतं का?"

 त्या म्हणाल्या, "मीटिंगचं रेकॉर्डिंग आहे. पाठवते."

ते मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकलं. बाईंचा आवाज: या वस्तीला काय म्हणतात, कोणाला माहीत आहे का?  मग काळ्या चौकोनाची कड हिरवी होते, तो बोलतो आहे म्हणून. आणि पत्र्यातला आवाज येतो. आधी ते नाव. मग, "गावात तेच म्हंतात. तिथं एक विहीर होती, आता बुजवली." बाई विचारतात, नक्की ना? आमच्या गटातल्या ताई त्याच गावच्या आहेत असं वाटतं. तो म्हणतो, "तिले काय माहीत? ती त लगन होऊन गेली."

आवाजात चेष्टा नव्हती. हेच मला खातं. चेष्टा असती तर मी त्याला बाजारात उभा करून सोलला असता. वाटसरूला रस्ता सांगावा तसा तो सांगत होता, जांभई आल्यासारखा. मी ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मागून दुसरा एक आवाज ऐकू आला, लाउडस्पीकरचा, अगदी जवळचा. त्रिशरण चालू होतं. रविवारी सकाळी आमच्या विहारात वंदना होते, तेव्हा लावतात. म्हणजे तो माणूस मारुतीच्या देवळाकडून बोलत नव्हता. नाल्यापलीकडून, आमच्या घरांमधून बोलत होता.

चौथ्यांदा लावलं आणि मी फोन उलटा ठेवला. कारण खराब नेटमुळे सगळे उच्चार दबले होते, फक्त बोलण्याचा चढउतार उरला होता, आणि तो माझ्या वडिलांचा होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. ज्यांनी ते नाव दारात येऊ दिलं नाही, त्यांच्याच सुरात मी ते दुकानात चार वेळा ऐकलं.

पुढच्या रविवारी मीटिंग विहारात घ्यायची असं मी ठरवलं. बाईंना म्हटलं, तुम्ही यवतमाळहून बसा, आम्ही इथून बसतो, वस्तीच सांगेल. भाचीचा लॅपटॉप मधे ठेवला, त्याला स्पीकर जोडला. वंदना झाल्यावर मोठी माणसं थांबली, भाऊ होता, भावजय होती, शेजारच्या बायका, मिळून पंधरावीस जण. पडद्यावर बाई, पोस्टमनकाका, नेहमीचे लोक. मी सकाळी कमानीचा फोटो काढून बाईंना पाठवला होता. तो मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा काढला.

बाईंनी स्वच्छ विचारलं, "या वस्तीचं नाव काय?"

सगळे एकदम बोलले. पंचशीलनगर. भावजय म्हणाली, "राशन कार्डावर बी तेच हाये, पाह्यता का?" पोस्टमनकाका पडद्यातून म्हणाले, "पत्र आलं असतं तर म्या याच नावानं टाकलं असतं." लोक हसले. बाईंनी आमच्या समोर नाव बदललं, खाली फोटो जोडला, आणि म्हणाल्या की आता कोणी मागे घेणार नाही. जुन्या नावाच्या रकान्याचं त्यांनी पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. त्यात मी घासाघीस केली नाही.

तेव्हा मला तो दिसला. दुसऱ्या पानावर, खालच्या रांगेत. काळा चौकोन, मॉडेलचं नाव.

"मॉडेलभाऊ आले," मी म्हटलं. "बोला आता. इथं सगळी वस्ती बसली हाये. त्या दिवशी तुम्ही जे सांगतलं ते आता सांगा."

माइकचं चिन्ह तांबडं होतं. ते पांढरं झालं. आणि स्पीकरमधून अशी किंकाळी निघाली की बायकांनी कान दाबले, बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. क्षणभरच. मग चिन्ह पुन्हा तांबडं झालं.

मीटिंगला बसणाऱ्याला ती किंकाळी माहीत असते. एकाच खोलीतले दोन फोन एकाच मीटिंगमध्ये असले आणि दोघांचे माइक उघडे राहिले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो आणि तसा ओरडतो. लांब असलेल्या फोनने तसं होत नाही.

तो त्या खोलीत होता.

मी वळून सगळ्यांकडे पाहिलं. कोणाच्या हातात फोन, कोणाच्या खिशात, बायकांचे पिशवीत. मी म्हटलं, फोन काढा, मॉडेल पाहू. दारव्ह्याच्या एकाच दुकानातून दिवाळीला घेतलेले, तेच मॉडेल सहा जणांकडे निघालं. माझ्या भावाकडेही. मी म्हटलं, आता पडदा दाखवा, मीटिंग कोणाच्या फोनवर चालू आहे ते पाहू.

तेव्हा आमच्यातले सगळ्यात वडील काका उठले. "बाई, विहारात झडती घेतं का तू? कोनाची? आपल्याच मानसायची?"

"त्यानं आपल्याले विकलं, काका."

"कोनं काय विकलं? सवयीनं निघालं असन तोंडातून. तू त तीस वर्षं बाजार केला. तू कोनाले सांगतलं होतं, पंचशीलनगरची हावो म्हनून?"

 भाचीने लॅपटॉप मिटला. पडदा मिटण्याआधी मी पाहिलं, चौकोन निघून गेला होता.

भावाला मी विचारलं नाही. तो त्या वेळी खाली चटईकडे पाहत होता. बाकीचेही खालीच पाहत होते. मी विचारलं आणि तो हो म्हणाला, तर माझं माहेर त्या चटईवरच संपेल. नाही म्हणाला, तर माझा विश्वास बसणार नाही. म्हणून मी दर वेळी जाते, जेवते, आणि त्याच्या तोंडाकडे पाहत बसते. तो बोलला की मी शब्द ऐकत नाही, चढउतार ऐकते.

नकाशात आता बरोबर नाव आहे. पण बाईंनी मला नंतर समजावलं, त्या नकाशात काहीच पुसलं जात नाही. प्रत्येक जागेचा इतिहास असतो, आधी काय होतं ते खाली साठून राहतं, कोणीही उघडून वाचावं. शिवाय लोक नकाशाच्या नकला घेऊन ठेवतात. गेल्या महिन्यात भाचीला एक पार्सल आलं, त्याच्या चिठ्ठीवर पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत ते नाव छापलेलं होतं. पार्सलवाल्याला काही माहीत नाही. मशीन छापतं म्हणाला. ती ओळ तिने नखाने खरवडून काढली, मग पार्सल माझ्या दुकानात आणून ठेवलं, खरवडलेली बाजू वर करून.

मीटिंग चालू आहे. आता मी पहिलं वाक्य हेच बोलते, मी पंचशीलनगरची. दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू दे. आणि दर रविवारी, वंदनेच्या वेळेला, तू येतोस. दुसऱ्या पानावर, खालच्या रांगेत. तुला काढून टाकायचं बटण माझ्याकडे आहे. मी ते दाबत नाही. दाबलं तर तू फक्त पडद्यावरून जाशील.

तू जो कोणी आहेस, ही गोष्ट तुला वाचून दाखवतील किंवा तू स्वतः वाचशील. मी वस्ती कोरी का सोडली, त्याचं उत्तर मी वर लिहून दिलं आहे, सगळ्यांसमोर. आता तुझी पाळी. तिथेच राहून, त्या कमानीखालून रोज ये-जा करून, तुझ्या तोंडात ते नाव आलं कसं? माइक उघड. खोली ओरडली तर ओरडू दे. कॅमेरा चालू कर आणि माझ्या भाचीला उत्तर दे.